एकशे सदतीस अंश

इंजिनियर ओर्माचेयांनी आयुष्यात नोंदवहीचं एकही पान फाडलं नाही. ही गोष्ट ते क्लबच्या प्रत्येक सभेत सांगत, आणि आम्ही प्रत्येक वेळी टाळ्या वाजवत असू. आम्हा हौशी रेडिओवाल्यांत या गोष्टीला मान आहे. जे ऐकलं ते लिहायचं, ज्याच्याशी बोललो त्याचं कॉल साइन, म्हणजे हवेतलं ओळखनाव, लिहायचं, वेळ मिनिटासकट, आणि त्या वेळी खोलीत दुसरं कोणी बसलेलं असेल तर त्याचंही नाव. चुकलं तर वरून एक रेघ मारायची. खोडरबर वापरणाऱ्या माणसाला आमच्यात हलका समजतात.

म्हणून बोलिव्हियातल्या ओरुरोच्या आमच्या क्लबने जेव्हा ठरवलं की ऑगस्टच्या पहिल्या रविवारी वाइराकोयाच्या खाणीवर जायचं आणि रेडिओ मेचाच्या पडक्या इमारतीतून एक दिवस त्या जुन्या स्टेशनच्या आठवणीत हवेत बोलायचं, तेव्हा इंजिनियरसाहेबांनी आपणहून त्रेचाळीस वह्या पत्र्याच्या पेटीत घालून पाठवून दिल्या. वर चिठ्ठी होती: "प्रदर्शनात मांडा. यात आपल्या हवेचा सगळा इतिहास आहे." वह्या निवडायचं काम सचिव म्हणून माझ्याकडे आलं.

मी अर्थातच पहिल्यांदा ऑगस्ट ऐंशीची वही उघडली. माझे बाबा, सातुर्नीनो विल्का, रेडिओ मेचाचे निवेदक होते. खाण कामगारांनी पगारातून पैसे काढून उभं केलेलं ते स्टेशन; नाव सुरुंगाच्या वातीवरून ठेवलेलं. ऐंशी साली लष्कराने सत्ता घेतली आणि पहिल्याच दिवशी ती इमारत ताब्यात घेतली. बाबा छोटा ट्रान्समीटर पाठीवर घेऊन वर डोंगरातल्या बंद पडलेल्या बोगद्यात गेले आणि तिथून तीन संध्याकाळी बोलले. कोणाला पकडून नेलं, कोणती खाण अजून उभी आहे, बाकी काही नाही. तिसऱ्या संध्याकाळी शिपाई सरळ बोगद्यापाशी आले. एका झोपडीची झडती घेतली नाही, एका माणसाला विचारलं नाही. बाबांना तिथंच गोळ्या घातल्या. मी नऊ वर्षांची होते.

इंजिनियरसाहेबांनी बाबांचा आवाज ऐकला होता का, एवढंच मला बघायचं होतं. ऐकला होता. वळणदार, ड्रॉइंगच्या अक्षरात लिहिलं होतं: "५ ऑगस्ट. सायंकाळी ६.३१. रेडिओ मेचा. आवाज स्पष्ट. चौकट फिरवून दिशा घेतली: १३७ अंश. कॅप्टनसाहेब उपस्थित." चौकट म्हणजे फिरवता येणारी तारेची अँटेना; आवाज कोणत्या दिशेने येतोय ते ती दाखवते.

कॅप्टनसाहेब उपस्थित! पाहुण्यांची नोंद करायची, म्हणून केली. आणि एक्केचाळीस वर्षांनी तीच वही शाबासकी मिळेल म्हणून माझ्या हातात दिली. त्याला आठवतसुद्धा नव्हतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली ती खरं सांगायचं तर यामुळेच.

कारण आम्हाला सगळं आठवत होतं. बोगदा कोणी दाखवला, हा एकच प्रश्न आमच्या वस्तीने इतकी वर्षं चघळला. शेजारी शेजाऱ्याकडे तिरक्या डोळ्यांनी बघायला लागला. माझ्या आईने तिच्या सख्ख्या भावावर, फेर्मीनमामावर संशय घेतला. का, तर लष्कराने त्याला पकडून त्याच आठवड्यात सोडून दिलं होतं. तिने त्याला परत कधी उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. तो अर्जेंटिनात विटांच्या भट्टीवर मेला, आणि आई गेली तीही त्याच्या नावाने बोटं मोडत. इकडे इंजिनियरसाहेब दर रविवारी सभेत टाळ्या घेत होते.

मला त्या माणसाचं नाव हवेत फिरवायचं होतं. ज्या हवेतून त्याने बाबांना शोधलं त्याच हवेत. पण आमच्यात नियम आहे, हवेत राजकारण नाही, भांडण नाही, परवाना जातो. मग मी नियमातच बसेल असं काहीतरी शोधलं.

अशा स्मरणाच्या दिवशी रीत असते. जो कोणी आम्हाला पुकारेल त्याला आम्ही आवाज कसा येतोय ते सांगतो आणि सोबत एक अंक देतो. कुठे ते स्टेशन सुरू झाल्याचं वर्ष असतं, कुठे अजून काही. समोरच्याने तो अंक बरोबर परत म्हणून दाखवला तरच बोलणं झालं असं धरतात, आणि मग पोस्टाने त्याला पोचकार्ड जातं. अंक ठरवायचं काम सचिवाचं. मी एकशे सदतीस ठरवला. कार्डाच्या पुढच्या बाजूला रेडिओ मेचाच्या इमारतीचं चित्र घेतलं. मागच्या बाजूला वहीतल्या त्या ओळीचा फोटो, आणि खाली छापलं: "१३७ अंश. इंजिनियर रोमुलो ओर्माचेया यांनी हीच दिशा सांगून सातुर्नीनो विल्का यांना लष्कराच्या हाती दिलं. अक्षर त्यांचंच." पाचशे कार्डं. आणि दिवसभर माइकवर बसायचा मान कोणाला? ज्येष्ठ सभासद इंजिनियर ओर्माचेयांना. त्यांच्याच तोंडून तो अंक निघायला हवा होता.

हे मी फक्त एका माणसाला सांगितलं. तेओदोसिओ कोंदो, माझे पाद्रिनो, म्हणजे धर्मपिता. माझ्या बाप्तिस्म्याला त्यांनीच मला हातावर धरलं होतं, आणि बाबा गेल्यावर त्यांनीच मला वाढवलं. ते काल्यापाताच्या रेल्वे ठाण्यावर तारमास्तर होते. मला मोर्स त्यांनी शिकवलं, पहिला सेट त्यांनी जुळवून दिला. वहीतल्या त्या पानाचा फोटो मी त्यांच्यापुढे धरला तेव्हा त्यांनी चष्मा लावला, वाचला, काढला. बराच वेळ गालातली कोकाची पानं या बाजूची त्या बाजूला करत बसले.

"कार्डं छापू नकोस, प्रिमी," ते म्हणाले.

"का? घाबरता त्याला?"

"म्हातारा झालाय तो."

"बाबा झाले नाहीत," मी म्हटलं. मला वाटलं, वय झालं की माणूस मऊ होतो. मी कार्डं छापून आणली.

रविवारी सकाळी आम्ही वाइराकोयाला पोचलो. इमारतीच्या चार भिंती आणि दारावरची अर्धी पाटी, एवढंच उरलं आहे. वारा असा की तार ओढताना बोटं कळेनाशी झाली. ऑगस्ट हा पाचामामाचा, धरणीमातेचा महिना, त्यामुळे खांब उभा करण्याआधी त्याच्या बुंध्याशी सगळ्यांनी दारू शिंपडली. इंजिनियरसाहेब कोट-टाय घालून आले होते. त्यांनी बाटली घेतली, धरणीमातेला दोन थेंब दिले आणि टोपी काढून म्हणाले, "इथं शूर माणसं बोलून गेली." माझ्या हातात खुंट्या ठोकायचा हातोडा होता. मी तो खाली ठेवला आणि थोडी लांब जाऊन उभी राहिले.

क्लबचा खजिनदार वॉल्टर टेबलं मांडत होता. एकावर सेट, दुसऱ्यावर वह्यांचं प्रदर्शन. पाद्रिनोंनी बाहेर भिंतीच्या आडोशाला जनरेटर लावला आणि त्याच्याशेजारी उलट्या डब्यावर बसले. आत येईनात.

"या ना आत, थंडी आहे," मी म्हटलं.

"इथं बरं आहे."

साडेनऊला इंजिनियरसाहेबांनी माइक हातात घेतला. आवाज अजून खणखणीत होता. पहिला तुकुमानचा कोणी आला. "आवाज उत्तम, अंक एकशे सदतीस," इंजिनियरसाहेब म्हणाले. "घेतला, एकशे सदतीस," तुकुमान म्हणालं. मग कुस्कोचा, मग आन्तोफागास्ताची एक बाई, मग ब्राझीलचे तिघे एकमेकांवर ओरडत. प्रत्येकाने तो अंक त्यांच्या कानात परत घातला. मी शेजारी बसून नोंद करत होते, आणि लिहिताना मला इतकं बरं वाटत होतं की लाज वाटावी. मला नाही वाटली. साठ झाले, शंभर झाले, दीडशे झाले. तो माणूस आपल्या तोंडाने आपला गुन्हा सगळ्या खंडाला वाटत होता आणि मधूनमधून मक्याच्या आपीचा गरम पेला ओठांना लावत होता.

"हा अंक कुठून काढलास?" त्यांनी मध्येच विचारलं.

"ओरुरोहून इथली दिशा आहे, इंजिनियरसाहेब."

"वा! झकास कल्पना. डोकं आहे तुला, बाई."

अजूनही नाही! त्यांच्या चेहऱ्यावर एक सुरकुतीसुद्धा हलली नाही. माझी कल्पना होती की पन्नासाव्या-साठाव्या वेळी तरी त्यांची जीभ अडखळेल. ते मजेत होते. विसरलेल्या माणसाला शिक्षा कशी करायची, हे मला कोणी शिकवलं नव्हतं.

जेवणाच्या सुट्टीत वॉल्टरने लामाच्या सुक्या मटणाची पातेली उघडली. इंजिनियरसाहेब ताट बाजूला सारून म्हणाले, "आधी कार्डं द्या, सह्या करून टाकतो." मी गठ्ठा पुढे ठेवला, चित्राची बाजू वर. त्यांनी खिशातून शाईचं पेन काढलं आणि एकामागून एक, सुबक, पूर्ण नावाच्या सह्या करत गेले. तीस-चाळीस झाल्यावर मला राहवलं नाही.

"उलटून बघा एक," मी म्हटलं.

त्यांनी उलटलं. चष्मा सरळ केला. वाचलं. मग परत पहिल्यापासून वाचलं. वॉल्टर पातेल्यातला चमचा तसाच धरून माझ्याकडे बघत राहिला.

"हे काय आहे?"

"तुमचं अक्षर. ओळखत नाही?"

"तू सातुर्नीनो विल्काची मुलगी," ते सावकाश म्हणाले. जणू माझं आडनाव त्यांनी क्लबमधल्या दहा वर्षांत आज पहिल्यांदा ऐकलं.

"आत्ता समजलं? सकाळपासून एकशे एकसष्ट लोकांना सांगून झालंय तुमचं. अजून दुपार बाकी आहे, चला, बसा माइकवर."

"कॅप्टन माझ्या घरात बसला होता. कमरेला पिस्तूल. माझी बायको आत होती. नाही म्हणायची सोय होती का मला?"

"नाही म्हणू नका. चुकीचं सांगायचं होतं. दहा अंशांनी चुकवलं असतं तर ते दुसऱ्या डोंगरावर दगड उचकत बसले असते. कॅप्टनला काय कळतंय चौकटीतलं? दहा अंश, इंजिनियरसाहेब! एवढं खोटं बोलता आलं नाही तुम्हाला?"

त्यांचं तोंड पांढरं पडलं होतं, आणि मला तेच बघायचं होतं. मी ते पोटभर बघितलं. मग त्यांनी पेनाला टोपण लावलं, खिशात ठेवलं, उठले आणि प्रदर्शनाच्या टेबलाकडे गेले. ऑगस्ट ऐंशीची वही मी त्या पानावर उघडी मांडली होती, वर काच ठेवून.

"तू परवान्याची परीक्षा पहिल्या नंबराने पास झालीस ना?" ते म्हणाले. "मग सांग. एका चौकटीने काय मिळतं?"

"दिशा."

"जागा मिळते?"

मी काचेखालच्या पानाकडे बघितलं.

"एक रेघ मिळते. माझ्या घरापासून निघून डोंगर ओलांडून पार पोतोसीपर्यंत जाणारी रेघ. त्या रेघेवर बोगदा कुठे आहे हे कळायला दुसऱ्या ठिकाणाहून दुसरी रेघ लागते. पहिल्या वर्षाच्या पोराला येतं हे." त्यांनी काच उचलली. "पान वाचलंस. उलटलं का नाहीस?"

नव्हतं उलटलं. मला हवं ते नाव मिळालं होतं, पुढे बघायची गरजच वाटली नव्हती. एकवीस वर्षांचा माझा परवाना, शेकडो वेळा चौकट फिरवलेली मी, आणि रागापायी ही साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही.

त्यांनी पान उलटलं आणि वही माझ्याकडे फिरवली. पहिलीच ओळ: "६.४३. दुसरी दिशा मागितली. उत्तर: ६२ अंश." आणि पुढे कॉल साइन. ते मी वाचलं नाही, नुसतं बघितलं. चालायला शिकले तेव्हापासून ते मला पाठ आहे. काल्यापाताच्या ठाण्यात, पाद्रिनोंच्या टेबलावर, पितळी पट्टीवर कोरलेलं होतं.

"आता त्याचंही नाव छाप," इंजिनियरसाहेब म्हणाले. "का तुझा न्याय फक्त टायवाल्यांसाठी आहे?"

मी बाहेर आले. पाद्रिनो डब्यावर बसले होते. माझ्याकडे बघितलं आणि त्यांना कळलं. उठायला लागले.

"बसा," मी म्हटलं. "बासष्ट कोणी सांगितले?"

"मी."

"पिस्तूल होतं?"

"नाही, पोरी. मी एकटा होतो. इंजिनियर हवेत आला, म्हणाला, तेओदोसिओ, एक स्टेशन पकडलंय, मला एकशे सदतीस दिसतं, तुझी चौकट काय सांगते? मी फिरवली आणि सांगितलं. कोणी दिशा विचारली की देतो आपण. कॅप्टन बसलाय हे तो बोलला नाही."

"आवाज ओळखला नाहीत?"

"माझ्या कोम्पाद्रेचा, तुझ्या बापाचा आवाज? लगेच ओळखला." त्यांनी गालातली पानं थुंकली. "मला वाटलं, इंजिनियर ऐकतोय म्हणजे आपल्यातला आहे. मेचा किती लांब पोचतो ते बघतोय. मला आनंद झाला होता, प्रिमी. त्याच्यापेक्षा माझी चौकट चांगली होती, तेही दाखवायचं होतं."

"आणि दुसऱ्या दिवशी?"

"दुसऱ्या दिवशी कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

"तू नऊ वर्षांची होतीस. मग दहाची झालीस. मग रोज जास्तच उशीर होत गेला."

आवाज न चढवता ते हे सांगत होते. त्यांनी रडावं असं मला वाटत होतं. म्हणजे मला त्यांना ढकलता आलं असतं.

"आई फेर्मीनमामाला शिव्या देत होती," मी म्हटलं. "दर रविवारी. आमच्या टेबलावर. तुम्ही समोर बसून चुन्यो बटाट्यांचं सूप पीत होतात. तो पत्रं पाठवायचा, ती न फोडता चुलीत घालायची. तुमच्यासमोर घालायची! एक शब्द बोलला असतात तर तिचा भाऊ तिला परत मिळाला असता. इंजिनियरला घाबरून नाही, कॅप्टनला घाबरून नाही. कोणाला घाबरून गप्प बसलात?"

"तुला."

त्या क्षणी मला इंजिनियरसाहेबांचा जेवढा राग येत होता त्याच्या दुप्पट या म्हाताऱ्याचा आला. त्या दुसऱ्याने मला काही दिलं नव्हतं. याने मला सेट दिला होता, मोर्स दिलं होतं, थंडीत स्वतःचं पोन्चो काढून माझ्या अंगावर टाकलं होतं, आणि हे सगळं देताना आतून त्याला माहीत होतं. माझं सगळं बालपण त्याने आपल्या गप्प बसण्याच्या बदल्यात मला चुकतं केलं होतं. मला ते तसं नको होतं.

आत सेटवर कोणीतरी पुकारत होतं. सुट्टी संपून दहा मिनिटं झाली होती. इंजिनियरसाहेब कोट घालून दारात उभे होते, ड्रायव्हरची वाट बघत. वॉल्टर म्हणाला, "प्रिमी, बंद करू का? लोकांना सांगतो वाऱ्याने तार तुटली."

"तार तुटलेली नाही," मी म्हटलं आणि खुर्चीवर बसले.

साल्ताचा एक माणूस होता, घाईत, आवाजात किरकिर. मी त्याचं कॉल साइन परत म्हटलं, आवाज कसा येतोय ते सांगितलं. इंजिनियरसाहेब दारातून हलले नाहीत. पाद्रिनो त्यांच्या मागे येऊन उभे राहिले होते. एक्केचाळीस वर्षांत ते दोघे इतके जवळ उभे राहिलेले मी पहिल्यांदाच बघितले.

"अंक दोन आहेत," मी म्हटलं. "एकशे सदतीस आणि बासष्ट."

"घेतलं. एकशे सदतीस, बासष्ट," साल्ता म्हणालं.

"चौसष्ट," मागून पाद्रिनो म्हणाले.

मी वळले नाही.

"त्याने चुकीचं लिहिलंय. मी चौसष्ट सांगितलं होतं. चौसष्टच बरोबर आहे, बासष्टवर बोगदा लागत नाही." त्यांचा आवाज पहिल्यांदा फुटला. "बरोबर ते सांग, प्रिमी."

मी बटण दाबलं.

"साल्ता, दुरुस्ती. एकशे सदतीस आणि चौसष्ट."

"चौसष्ट, घेतलं. कसले अंक आहेत हे, सेन्योरा? नोंदीत काय लिहू?"

"दिशा आहेत," मी म्हटलं. "पहिली इंजिनियर रोमुलो ओर्माचेयांची. दुसरी माझ्या पाद्रिनोंची. लिहून घ्या." आणि मी त्यांचं कॉल साइन दिलं, मग पूर्ण नाव, एकेक अक्षर, सावकाश, त्यांनीच शिकवलं होतं तसं, साल्ताने ते सगळं चूक न करता परत म्हणून दाखवलं, आणि मी वहीत वेळ लिहून पुढच्याला बोलावलं.